चाळीतून गोळा केलेलं गाव

योगिताच्या कच्च्या निबंधाच्या कोपऱ्याला जरीचा एक धागा चिकटून आला होता; वत्सलाबाईंनी तो नखाने सोडवला आणि सोडवता सोडवताच हिशेब मांडून टाकला – निबंधाला मराठी मंडळाचं बक्षीस मिळालं तर योगिताला आठवी, तिच्या वडिलांना स्टेजवर गुलाबाचं फूल, आणि आपल्याला, अर्धी पोरं गुजराती माध्यमात पळालेल्या सुरतच्या ह्या मराठी सातवीला, चार लोकांत दाखवायला एक नाव. सौदा वाईट नव्हता. शाळेतून एकच निबंध जायचा होता, आणि तो उद्या.

बन्सीलालने, योगिताच्या वडिलांनी, पांडेसऱ्याच्या मिलमधून रंगलेल्या हातांनीच येऊन अहिराणीत अट घातली होती, बक्षीस आलं तरच पुढे शाळा : "इनाम उनं ते आठवीले धाडसू. नही ते घर बसीन धागा काप." साड्यांच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कापणाऱ्या मुली नवागामच्या ओट्याओट्यावर बसलेल्या असतात... बाई रोज त्यांच्यासमोरूनच तर येतात. त्यातल्या किती आपल्याच वर्गातल्या, हे त्या बघायचं टाळतात.

विषय 'माझे गाव'. पद्धत बाईंचीच : आधी मोठ्यांना विचारा, मुद्दे काढा, त्यांचा क्रम लावा, कच्चं लिहा, मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडेल तिथे खोडा. योगिताने सगळं निमूट केलं होतं. म्हणूनच तिच्या गावात केळीच्या मळ्याला लागून संत्र्याची बाग होती, आणि बागेपलीकडे पायऱ्यापायऱ्यांची दगडी विहीर, बारव.

"हे कुठलं गाव गं?"

"आमचंच, बाई."

"तुमच्या खानदेशात संत्री?"

"संत्री कमलमावशीची. वरुडकडची. बारव रुक्मिणीकाकूंची, त्या परभणीच्या ना."

"आणि तुझं काय त्यात?"

"आम्ही गेलोच नाही कधी. बापूंचं काकांशी वाजलंय. गावाचं नाव काढलं की थाळी सरकवून उठतात. मग चाळीत विचारलं. तुम्हीच बोलले ना, मोठ्यांना विचारा!"

कुणाच्या मोठ्यांना, ते सांगायचं राहिलं होतं... आणि सुरतेत ते सांगावं लागतं, हे इतक्या वर्षांत लक्षात येऊ नये?

परीक्षक हसतील. बाईंनी संत्री खोडली – शंभर फळं मोजून झाली की एक बाजूला ठेवायचं, खुणेला, आणि खुणेची फळं शेवटी पोरांची, हे वाक्यसुद्धा. खोडताना हात अडला, पण जीभ अडली नव्हती, तेव्हा नियमाप्रमाणे ते राहायलाच हवं होतं. मग बारव खोडली. मधोमध मोठी पोकळी.

"इथे काय लिहू?"

"लिही. उन्हाळ्यात आम्ही घराच्या मातीच्या छतावर, धाब्यावर झोपायचो. माती मध्यरात्रीपर्यंत कोमट असायची, पाठीला ऊब देत. शेजारच्या धाब्यावर कुणी खोकलं की आई अंधारातच नाव घेऊन विचारायची, पाणी देऊ का..."

"मस्त आहे, बाई! हे कुणाचं?"

"लिही म्हटलं ना."

बाईंनी आपल्या लहानपणचं हे कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. आणि आता सांगत होत्या ते शुद्ध भाषेत, स्वल्पविरामांसकट, निबंधाला शोभेल अशा बेताने – योगिता एकेक वाक्य सुबक अक्षरात उतरवत होती, मोठ्याने वाचत होती, आणि कुठेच अडत नव्हती.

ती गेल्यावर रिकाम्या वर्गात बाईंनी डोळे मिटून धाब्यावर जाऊन पाहिलं. माती कोमट होती, दुसऱ्या वाक्यात होती तशीच. आई बोलली ती योगिताच्या आवाजात. त्यापुढचं – खोकणाऱ्याचं नाव काय होतं, आई त्याला कशी हाक मारायची – निबंधात आलं नव्हतं, म्हणून की काय, आठवेना.

बक्षिसाचं मंडळ बघेल. तोवरचा हिशेब : कमलची बाग गेली, रुक्मिणीची बारव गेली, आणि दोघींना पत्ता नाही; योगिताला गाव मिळालं, जिथे ती कधी झोपणार नाही; बन्सीलालचं काहीच गेलं नाही. उरलेला सगळा तोटा बाईंच्या नावावर.