फक्त घरचे

मालिनीबाईंनी डबा दवाखान्याच्या काउंटरवर ठेवला आणि झाकणही स्वतःच काढलं. पलीकडे बसलेल्या रिसेप्शनिस्ट टॅमीला ‘नो, थँक यू’ म्हणायला वावच ठेवायचा नव्हता.

“डिंकाचे लाडू,” त्या आपल्या शाळेतल्या बाईंच्या इंग्रजीत म्हणाल्या. “बाळंतिणीसाठी असतात, पण तुम्हीही खा. डॉक्टरांना द्या.”

टॅमी हसली. भिंतीवर क्रूस, टेबलावर बायबलातल्या वचनाची पाटी; आणि डॉक्टर कॅरोल तर दर तपासणीच्या शेवटी अबोलीच्या पोटावर हात ठेवून प्रार्थना करायच्या. परक्या मुलुखात लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणून नागपूरहून निघताना मालिनीबाईंच्या जिवाला घोर लागला होता. लेक आधी अर्विंग शहरात असताना निदान हाकेच्या अंतरावर मराठी माणसं तरी होती. अबोलीच्या नोकरीपायी ती आणि राधिका या आडगावात आलेल्या, आणि इथे बाळंतपणं करणारी डॉक्टर एकच. पण ती देवाला मानणारी निघाली आणि मालिनीबाई निर्धास्त झाल्या.

“तुमच्या मुलीला मैत्रीण मात्र छान मिळालीय हं,” राधिकाकडे बघत टॅमी म्हणाली. “प्रत्येक वेळी सोबत येते.”

राधिका अबोलीची पर्स सांभाळत तिच्या मागे उभी होती.

“मैत्रीण कसली!” मालिनीबाई म्हणाल्या. “सून आहे ती माझी. दोघींचं लग्न झालंय.”

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. त्या लग्नाला त्या आल्या नव्हत्या. नागपुरात कुणी विचारलं तर इतकी वर्षं ‘रूममेट’ म्हणून वेळ मारून नेत आल्या होत्या. आणि आज, लाडवाच्या भरात, सगळं भडाभडा बोलून मोकळ्या झाल्या.

टॅमीचं हसू जागच्या जागी राहिलं. तिनं डब्याचं झाकण हळूच लावलं.

“ओह,” ती म्हणाली. “हाऊ नाइस.”

गाडीत बसल्या बसल्या अबोलीनं आईच्या गळ्यात हात टाकले. ती हसत होती आणि रडतही होती.

“आई, तू बोललीस! आय कान्ट बिलीव्ह यार, चक्क काउंटरवर!”

“पुरे गं. बीपी वाढेल तुझं.”

राधिकानं गाडी सुरू केली. मग आरशात बघून म्हणाली, “थँक यू, आई.” आजवर ती काकूच म्हणायची. मालिनीबाईंनी उगाचच खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना फार बरं वाटत होतं.

दुपारी टॅमीचा फोन आला. अबोलीनं तो स्पीकरवर टाकला. आवाज तसाच गोड होता. डॉक्टरांनी या विषयावर बराच वेळ प्रार्थना केलीय. तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण असल्या कुटुंबाचं बाळंतपण करणं त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. फाइल म्हणाल तिथे पाठवू.

“पण हा लास्ट मंथ आहे,” अबोली म्हणाली. “बाळ आडवं आहे, माझं बीपी हाय आहे. डॉक्टरांना माहितीय सगळं.”

“गॉड ब्लेस यू, हनी,” टॅमी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

“असं कसं?” मालिनीबाई उसळल्या. “पेशंटला वाऱ्यावर सोडतात की काय? तक्रार करा तिची!”

“मी चेक केलंय,” राधिका फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली. “इथल्या कायद्यात चालतं. धर्माचं कारण दिलं की डॉक्टरला नाही म्हणता येतं.”

श्रद्धेत बसत नाही. मालिनीबाईंना ते शब्द ओळखीचे वाटले. लग्नाचं कळवायला अबोलीनं फोन केला होता, तेव्हा त्याही हेच म्हणाल्या होत्या, ‘आपल्या देवाधर्मात हे बसत नाही गं.’ त्यांचाही आवाज तेव्हा असाच मऊ होता. त्या उठल्या आणि काही काम नसताना ओटा पुसत राहिल्या.

सकाळी दार उघडलं तर पायरीवर डबा. आतला एकही लाडू हलला नव्हता. चिठ्ठी नाही, काही नाही. म्हणजे टॅमीला घर माहीत होतं. राधिकानं रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं, डबा आत घेतला आणि दाराला कडी घातली. दिवसाढवळ्या तिनं कडी घालायची ही पहिलीच वेळ.

“मीच माती खाल्ली ना?” मालिनीबाईंनी विचारलं.

“तुम्ही खरं बोललात, आई,” राधिका म्हणाली. पण तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

नवी डॉक्टर मिळायच्या आतच अबोलीचं डोकं ठणकायला लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, पाय सुजून भप्प झाले. राधिकानं शेजारच्या शहरातल्या हॉस्पिटलकडे गाडी सुसाट पळवली. मागच्या सीटवर लेकीचं डोकं मांडीवर घेऊन मालिनीबाई रामरक्षा पुटपुटत होत्या. मधेच ओळी चुकत होत्या.

हॉस्पिटलच्या दारात मेरीचा पांढरा पुतळा होता. मालिनीबाईंचे हात सवयीनं जुळायला गेले आणि अर्ध्यावरच थबकले.

अबोलीला स्ट्रेचरवर घेऊन नर्स आत गेली. डेस्कमागच्या बाईंच्या गळ्यात छोटासा क्रूस होता. चेहरा चांगला होता. टॅमीचाही चांगलाच होता.

“आत एकालाच सोडता येईल,” बाई म्हणाल्या. “फक्त घरचे. तुम्ही कोण?”

“आई.”

“आणि या?”

मालिनीबाईंनी तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर होता.

“रूममेट,” राधिका म्हणाली. “मी फक्त ड्राइव्ह करून आणलं.”

मालिनीबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. राधिकानं मान हलवली, इतकी हळू की डेस्कवरून ती दिसू नये. अबोलीची पर्स तिनं छातीशी घट्ट धरली होती.

“काकू,” ती म्हणाली, “तुम्ही जा आत.”

आत दिवे फार प्रखर होते. अबोलीच्या दंडाला पट्टा बांधला होता आणि मशीन वाजत होतं. ती मान उचलून आईच्या मागचं दार बघत होती.

“राधिका कुठंय?”

मालिनीबाईंनी तिच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. खाटेपलीकडे उभी असलेली नर्स सुई भरत होती. तिला मराठी कळत नव्हतं, तरी मालिनीबाईंचा आवाज खालीच गेला.

“येतेय गं,” त्या म्हणाल्या. “गाडी पार्क करतेय.”