एका हाताने सुटणारा पट्टा

निरंजनने मोबाइलवरचं घड्याळ सुरू केलं आणि मान हलवली. पलंगाच्या कडेला बसलेल्या त्याच्या वडिलांनी, भाईदास आबांनी, डाव्या हाताने गुडघ्याच्या ब्रेसचा पहिला पट्टा उचलला, उजव्या मांडीखालून सरकवला आणि पलीकडून त्याचं टोक धरायला ते वाकले. टोक हाती आलं, पण तेवढ्यात अलीकडचं टोक घसरून फरशीवर पडलं. आबांनी काही वेळ फरशीकडे पाहिलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी अलीकडचं टोक दातांत धरलं. पट्टा कडीतून गेला, चांगला ताणला गेला, आणि त्याच्याबरोबर वरची कवळीही बाहेर आली.

"थांबव," आबा म्हणाले, कवळीशिवाय.

चार मिनिटं दहा सेकंद, आणि चारपैकी एकच पट्टा. निरंजनने वहीत लिहिलं: नमुना सहावा, नापास. शेऱ्याच्या रकान्यात त्याने 'दात' असं लिहिलं आणि वही मिटली.

बुऱ्हाणपूरच्या लालबागेत त्याचा कारखाना होता. जिथे एकेकाळी बारा माग खडखडत, त्या शेडमध्ये आता नऊ शिलाई मशिनी होत्या आणि इंदूरच्या एका कंपनीसाठी गुडघ्यांचे, कोपरांचे, मनगटांचे ब्रेस शिवले जात. मागांसमोर उभं राहून ज्यांचे गुडघे झिजले, त्यांना आधारही आता तीच शेड पुरवत होती. या वेळी कंपनीला नवा ब्रेस हवा होता: पट्टे ब्रेसपासून पूर्ण सुटे व्हावेत, वेगळे धुता यावेत, तुटला तर एकटा बदलता यावा आणि पेशंटला एका हाताने घालता-काढता यावेत. शेवटची मागणी लिहिणाऱ्याचे दोन्ही हात धड असावेत, असा निरंजनचा अंदाज होता.

घरची अटही नेमकी तीच होती, आणि ती त्याने स्वतः घातली होती.

मागच्या सप्टेंबरात आबा गावी, तुकईथडच्या केळीच्या बागेत, अर्धांगाचा झटका येऊन पडले. सकाळी आठला पडले, आणि शेजारच्या शेतातला समाधान संध्याकाळी मोटर बंद करायला आला तेव्हा सापडले. ठिबकची नळी कानाशी होती. दिवसभर थेंब पडून उजवा कान पांढराफटक झाला होता, एखाद्या दुसऱ्याच माणसाचा असावा तसा. उजवा हात गेला तो गेलाच. पाय अर्धामुर्धा परत आला, पण चालताना गुडघा मध्येच मुडपायचा, म्हणून बिजागरीचा ब्रेस. डॉक्टरांनी बजावलं होतं की तो रोज संध्याकाळी काढायचा, नाहीतर आत घामाने कातडी सडेल.

बुऱ्हाणपूरच्या घरात आबांची जागा फ्रिज आणि टीव्ही यांच्या मधोमध होती. कुणालाही काहीही हवं असलं की आबांना जरा सरकावं लागे. त्यांचं मागणं एकच होतं: मले तुकईथडला नेऊन घाल. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत. शेवटी एकदा चार नातेवाईक बसलेले असताना निरंजनने अट घातली. ब्रेस स्वतः घालायचा, स्वतः काढायचा. सलग तीन सकाळी, कुणी हात लावायचा नाही. जमलं की रविवारी गाडी काढतो.

सगळ्यांना हे रास्त वाटलं. एका हाताने घालता-काढता येईल असा ब्रेस बाजारात नाही, हे त्या खोलीत फक्त निरंजनला ठाऊक होतं. तो एक दिवस आपणच बनवू, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

बाप शेतात दिवसभर पडून होता ही गोष्ट आता त्याच्या नावावर जमा झाली होती. चांदनी गावातल्या एका लग्नात, पंगतीत, चुडामण मामांनी भातावर वरण घेता घेता विचारलं होतं, "का रे, बापाले दिवसभर ठिबक लावली म्हने?" पंगत हसली. निरंजनही हसला होता. त्या दिवसापासून त्याने लग्नांना जाणं सोडलं.

नमुना सातवा, आठवा, नववा असेच गेले. मग त्याने स्वतःचा उजवा हात शर्टाच्या आत बांधून घेतला आणि आठवडाभर तसाच कारखान्यात वावरला. मशिनीवरच्या बायका खाली मान घालून हसत. सगळ्यात जुनी कारागीर धुरपदाबाई, जिला हसताना मान खाली घालायची गरज वाटत नसे, तिने विचारलं, "शेठ, नाक पुसाले कोनाले बोलवू?"

आठवडा संपता संपता त्याला सापडलं. पट्ट्याचं एक टोक अलीकडे फोममध्ये खोचून अडकवायचं, म्हणजे ते धरून ठेवायला दुसरा हात लागत नाही. दुसऱ्या टोकाला कडक प्लॅस्टिकची जीभ. ती गुडघ्यामागून फिरवून आणली की पुढच्या आकड्यात आपोआप बसते. आणि आकड्याजवळ, अगदी समोर, अंगठा जाईल एवढा शिवलेला फासा. तो एकदा ओढला की आकडा सुटतो आणि सबंध पट्टा हातात येतो. निरंजनने तो स्वतःच्या पायावर वीसदा घातला, वीसदा काढला. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. तो आनंद घरी घेऊन जाताना अट मात्र त्याच्या डोक्यातून गेली होती.

पहिल्या सकाळी आबांनी चारही पट्टे दोन मिनिटं चाळीस सेकंदांत घातले आणि त्याहून कमी वेळात काढले. तृप्ती, निरंजनची बायको, शाळेत शिकवायची. तिने सवयीने टाळ्या वाजवल्या. मग नवऱ्याकडे पाहून हात खाली घेतले.

दुसऱ्या सकाळी दोन मिनिटंही लागली नाहीत. आबांनी न्हाव्याला घरी बोलावून घेतलं. डाव्या अंगठ्याने नंबर दाबून समाधानला स्वतः फोन लावला: खोलीतली पोती बाहेर काढ, कोपऱ्यातलं बीळ बुजव, रविवारी येऊ राहिलो. दुपारी पिशवी भरून झाली. दोन धोतरं, बॅटरी, कवळीची डबी. पिशवी त्यांनी दाराशी ठेवली. येता-जाता सगळ्यांना तिला वळसा घालावा लागत होता, आणि आबांना ते पाहून बरं वाटत असावं.

"अट तुम्हीच घातली होती," तृप्ती स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली.

"घातली होती."

"मग?"

निरंजन पाणी प्यायला आणि कारखान्यात गेला.

तिथे त्याने आबांच्या ब्रेसचे चार नवे पट्टे घेतले. हे काम त्याने कुणाला दिलं नाही, स्वतः मशिनीवर बसला. समोरचे फासे उसवले. पट्टे पालथे केले आणि फासे आणि आकडे मागच्या बाजूला, पायाच्या बाहेरच्या अंगाला शिवले. फार लांब नव्हे, चार बोटं मागे. जो डावा हात उजव्या गुडघ्याच्या पुढ्यात आरामात पोचतो, तो त्या चार बोटांपलीकडे पोचत नाही, हे एक हात बांधून आठवडा काढलेल्या माणसाला मोजून पाहावं लागलं नाही. शिलाई नेहमीसारखी सरळ आली. वाकडी आली असती तर कदाचित त्याने पुन्हा विचार केला असता.

एक पट्टा तपासून त्याने खिळ्यावर टांगला आणि चहाला गेला. हा हाताच्या सवयीचा दोष. कारखान्याचा वर्षानुवर्षांचा नियम असा की खिळ्यावर जो तुकडा, तो नमुना. त्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही. तो रेंगाळत संध्याकाळी परत आला तेव्हा धुरपदाबाईने त्यावरून कंपनीने नमुन्यादाखल मागवलेले पाचही संच शिवून, डब्यात भरून कुरिअरवाल्याच्या हवाली केले होते.

"फासा मागं गेला, शेठ," ती म्हणाली. "मागं कोन पाहील?"

"नर्स," निरंजन म्हणाला. खिळ्यावरचा पट्टा काढून त्याने चारही पट्टे पिशवीत घातले आणि रात्री घरी आबांच्या ब्रेसला जोडून ठेवले.

तिसऱ्या सकाळी आबा आंघोळ करून, दाढी केलेल्या गालांनी पलंगावर बसले. निरंजनने घड्याळ सुरू केलं. पट्टे घालणं सोपं होतं. जीभ चार बोटं कमी फिरवावी लागत होती, एवढंच. दीड मिनिट. आबांनी उभं राहून दोन पावलं टाकली, परत बसले आणि पहिला पट्टा काढायला अंगठा पुढे नेला.

अंगठा जिथे फासा असायचा तिथे जाऊन थांबला. कापडावर उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं होती. अंगठा त्यांच्यावरून एकदा खाली गेला, एकदा वर आला. मग हात पायाच्या मागे गेला, जाईल तेवढा. आबा वाकले, कुशीवर झाले, पुन्हा बसले. बोटं फाशापाशी पोचत होती, त्यात शिरत नव्हती. तृप्ती चहा घेऊन दारात आली होती. ती थोडा वेळ उभी राहिली आणि चहा घेऊन परत गेली.

घड्याळ सहा मिनिटांवर गेलं तेव्हा आबांनी हात मांडीवर ठेवला.

"फोन दे."

समाधानला त्यांनी सांगितलं की रविवारचं राहू दे. हात साथ देत नाही. नाही, पोराने पुष्कळ केलं, पट्टा चांगला बनवला, माह्याच हातात दम राहिला नाही. केळीला पाणी दे. पोती ठेव पुन्हा आत.

त्यांना काही कळलेलं नाही, असं निरंजनने ठरवून टाकलं. वयाने बोटं बधिर होतात. भोकं आपल्याला दिसली, त्यांना लागली असतीलच असं नाही. दाराशी ठेवलेली पिशवी दोन दिवसांनी तृप्तीने उचलून कपाटावर टाकली.

आबांनी स्वतः पट्टे घालणंही सोडलं, आणि आता रोज सकाळी ब्रेस घालायचं आणि संध्याकाळी काढायचं काम निरंजनकडे आलं. पुढच्या आठवड्यात असंच एका सकाळी, तो आबांच्या पायाशी बसला असताना, इंदूरहून फोन आला. कंपनीच्या रजनी मॅडम. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्याने कोपराने स्पीकर लावला आणि फोन गादीवर राहू दिला. नमुने चुकीचे गेले, आठ दिवसांत सुधारून देतो, असं त्याने कुरिअर गेल्यापासून मनात घोळवून ठेवलं होतं.

"निरंजनजी, बहोत बढ़िया काम केलंय तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "पेशंट एका हाताने घालतो, पण स्वतः काढू शकत नाही. आम्ही काढताही यावा असं लिहिलं होतं, पण वॉर्डांची हीच तो कंप्लेंट असते ना. सिस्टरची पाठ वळली की काढून ठेवतात. आता काढेल तो फक्त अटेंडंट. पास है ये. आयडिया कशी सुचली तुम्हाला?"

निरंजनने तोंड उघडलं.

"दाव्याची गाठ आहे ती, बाई," आबा म्हणाले.

"जी? कोण बोलतंय?"

"त्याचा बाप. गोठ्यात बैल बांधतो ना आपण, तशी. मानसानं एक झटका देला का मोकळा. बैलाले सुटत नाही. टोक तेवढं त्याच्या तोंडाले लागणार नाही असं पलीकडं ठेवा लागते."

पलीकडे मॅडम मनापासून हसल्या. क्या बात है, म्हणाल्या. हे तर डब्यावर छापायला हवं, शेतकऱ्याचं पारंपरिक ज्ञान. बाबांचं पूर्ण नाव काय, असं त्यांनी विचारलं. आबांनी नाव सांगितलं, गावाचं नावही सांगितलं, आणि तुकईथडमधला थ त्यांना नीट लिहिता यावा म्हणून दोनदा सांगितलं.

फोन बंद झाला. शेवटचा पट्टा निरंजनच्या हातात तसाच होता. वर पाहायचं तर आबांचा चेहरा समोर होता, म्हणून तो गुडघ्याकडे पाहत राहिला.

"आबा..."

"घट्ट कर," आबा म्हणाले. "ढिला राहिला का घासते."

निरंजनने पट्टा मागून फिरवला. त्याचा हात नीट पोचावा म्हणून आबांनी पाय जरा पुढे घेतला.