फळीवर पडलेल्या बॅटरीचा सूड

मित्रांनो, मी जीपची बॅटरी आहे. आता भंगारात पडले आहे, पण माझा राग अजून शाबूत आहे. तो कुणावर आणि का, ते ऐका.

शेणव्याच्या शेखरने मला नवी कोरी आणली, तेव्हा झेंडूचं फूल वाहून माझी पूजा केली. त्याची जीप शेणवा ते शहापूर धावायची. किल्ली फिरली की मी एका झटक्यात इंजिन उठवायची. स्टँडवर गोजर नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरची जीप रोज अडायची. शेखर मिशीत हसून म्हणायचा, "गोजऱ्या, उतर नि धक्का मार! माझी बघ, वाघीण हाय वाघीण!" ते ऐकून मी फुगायची.

मग पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारताना शेखर कौलांवरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. जीप अंगणात उभी राहिली. त्याने मला काढून पडवीत आणवलं. त्याची मुलगी कुणाली मला लादीवर ठेवायला वाकली, तसा तो ओरडला, "खाली नको गो! लादी सगळा करंट खेचून घेते. फळीवर ठेव, मग वरीसभर काय नाय होत."

लादीने माझं काय वाकडं केलं असतं? पण मला फळीवर बसवलं आणि सगळे विसरले. कुणाली तेवढी म्हणायची, "बाबा, हिला महिन्यातनं एकदा चार्जिंगला लावूया. नुसती पडून पण उतरते ती."

"तारा सोडल्यात ना? मग करंट पळंल कुठं?"

अरे, तो माझ्या पोटातच विरत होता! आतल्या शिशाच्या पाट्यांवर पांढरी पुटं चढत होती. मी रोज थोडी थोडी मरत होते. त्यात एकदा त्याने माझी झाकणं उघडली आणि विहिरीचं पाणी ओतलं. "पाणी ते पाणी," म्हणाला. त्या पाण्यातल्या क्षारांनी माझं पोट जळालं. त्या दिवशी मी ठरवलं, याला चारचौघांत खाली मान घालायला लावीन.

परतीचा पाऊस सरत आला तेव्हा तो दिवस उगवला. ठाण्याला कुणालीची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. वर्षभर ती शेताच्या बांधावरून धावत होती. पहाटेची एसटी आलीच नाही. "एसटी कशाला पायजे? आपली जीप हाय ना!" म्हणत शेखर लंगडत आला आणि त्याने मला जीपमध्ये बसवलं. उचलून नेताना माझ्यातलं अ‍ॅसिड सांडलं आणि त्याच्या नव्या पँटला भोकं पडली. मला बरं वाटलं.

किल्ली फिरली. कट्. पुन्हा कट्. अंगात जीव नव्हताच. असता तरी त्याला दिला नसता. चाकं चिखलात रुतलेली, धक्का मारून हलेनात. कुणालीचा चेहरा पाहून मात्र मला कसंसंच झालं. शेजारीपाजारी जमले. कुणीतरी म्हणालं, "शेखर, तुझी वाघीण झोपली वाटतं!"

कुणालीने बूट आवळले, पिशवी पाठीला अडकवली आणि ती आसनगाव रेल्वे स्टेशनच्या रस्त्याने धावत सुटली.

तेवढ्यात गोजरची जीप आली. शेखर रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्यांदेखत त्याने हात जोडले. "गोजर... दादा, पोरीला गाठ रे. आसनगावला सोड."

दादा! मित्रांनो, तो शब्द ऐकून माझ्या मेलेल्या पाट्या गार झाल्या.

गोजर हसला नाही. "बस," म्हणाला. पुढच्या वळणावर त्यांनी कुणालीला गाठलं. आसनगावला तिला ठाण्याची लोकल मिळाली आणि ती चाचणीत उतरली.

पुढच्या आठवड्यात शेखर मला शहापूरच्या दुकानात घेऊन गेला. "माल खोटा निघाला," असं त्याने दुकानदाराला सांगायला सुरुवात केली. कुणाली सोबत होती. ती म्हणाली, "माल नाय, बाबा. आपण सांभाळली नाय." शेखरने मान खाली घातली आणि मला भंगारात दिलं. मला तेवढंच ऐकायचं होतं.

तेव्हा मित्रांनो, बॅटरी लादीवर ठेवा की फळीवर, फरक पडत नाही. पण तिला पूर्ण चार्ज करून ठेवा, अधूनमधून चार्जिंग द्या आणि बॅटरीसाठी मिळणारं शुद्ध, डिस्टिल्ड पाणीच घाला. उद्या मला फोडतील, वितळवतील आणि माझं शिसं नव्या बॅटरीत ओततील. कदाचित ती तुमच्याच घरी येईल. फूल वाहू नका. नीट सांभाळा. नाहीतर दगा द्यायला वेळ कधीची निवडायची, ते मी ठरवीन.