झेंडा जमिनीला टेकता कामा नये

शाळेची बस होल्मबीच्या वळणावर आली आणि डिटेने खिडकीला नाकच लावलं. बेकरीपासून थेट गावच्या सभागृहापर्यंत, रस्त्याच्या दोन्ही कडांना, माणसापेक्षा उंच काठ्यांवर डॅनिश झेंडे! लाल कापड, पांढरा क्रॉस आणि वर सप्टेंबरचा भणाणता वारा. दोन झेंडे तर युद्धात पडलेल्या जर्मन सैनिकांच्या स्मारकाच्या अगदी नाकासमोर रोवलेले.

"अरे देवा! हा शहाणपणा कुणाचा?" ती बसमधूनच ओरडली.

येसमामाचा तर नक्कीच नव्हता. तिचा मामा गावच्या डॅनिश मंडळाचा अध्यक्ष. सीमेच्या या बाजूला, जर्मनीत, डेन म्हणून राहायचं तर झेंडा कुठे लावायचा आणि कुठे गुपचूप घडी करून ठेवायचा, हे त्याला बाळकडूतच मिळालेलं. डिटेलाही. शंभर वर्षांपूर्वी मतदान होऊन सीमा ठरली, होल्मबी जर्मनीत राहिलं, पण गावातल्या काही घरांनी डॅनिश शाळा आणि डॅनिश गाणी सोडली नाहीत. उरलेलं गाव त्यांना अजून 'चरबीवाले डेन' म्हणतं. म्हणजे युद्धानंतरच्या उपासमारीत डेन्मार्कहून चरबीचे डबे आले आणि ते चाटायला मिळावेत म्हणून हे रातोरात डेन झाले म्हणे! डिटेच्या पणजोबांनी खाल्लेली चरबी अजून डिटेच्या नावावर होती.

बसमधून उडी मारून ती धावत सुटली. सभागृहासमोर कोपनहेगनच्या नाटकमंडळाची प्रमुख मेरेटे शेवटची काठी ठोकत होती. पायऱ्यांवर नटमंडळी केक खात बसलेली, आणि केकवरसुद्धा कागदी झेंडे!

"आलीस! कसं दिसतंय?" मेरेटे हातोडा नाचवत म्हणाली. "आज आपल्या मुख्य नटाचा, व्हिगोचा वाढदिवस. साठावा!"

"मेरेटे, इथे असं नाही करत गं."

"असं म्हणजे? वाढदिवसाला झेंडे नाही लावत?"

"आपल्या घरात लावतो. रस्त्यावर नाही!"

"काहीतरीच! आमच्याकडे मांजर व्यायली तरी झेंडा लागतो."

आता हिला काय कपाळ समजावणार? सीमेपलीकडे झेंडा म्हणजे केक, मेणबत्त्या, आजीला विमानतळावर घ्यायला जाणं. सीमेच्या या बाजूला तोच झेंडा म्हणजे 'ही जमीन आमची'. आणि हे आजच व्हायचं होतं! आजवर डॅनिश कार्यक्रम मंडळाच्या डॅनिश घरातच व्हायचे, आपले आपण, तेच तीस चेहरे आणि तेच बटाट्याचं सॅलड. पहिल्यांदाच गावचं सभागृह मिळालं होतं, तेही डिटेने दोन महिने डोकं खाल्लं म्हणून. प्रत्येक जर्मन दारावर जाऊन तिने आमंत्रण दिलं होतं. अर्धी दारं तिच्या तोंडावर आपटली तरी ती पुढच्या दारावर गेली. आता थोड्याच वेळात ती त्या रंगमंचावर उभी राहणार होती, नाटकाआधी जर्मनमध्ये चार शब्द बोलायला. जन्मली त्या गावात, आणि सोळा वर्षांत त्या रंगमंचाची पायरीही चढली नव्हती. आजचा खेळ मोडला तर सभागृह पुन्हा कधीच मिळणार नव्हतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

माणसं जमू लागली. आधी कुंपणाआडून, मग फाटकातून, मग सरळ रस्त्यावर. साठ-सत्तर तरी असतील. जी माणसं आमंत्रण देऊनही येणार नव्हती, ती सगळी फुकट आली! आणि घोळक्यातून वाट काढत आले क्लाउसेनसाहेब. गावच्या अग्निशमन दलाचे कप्तान, सभागृहाच्या किल्लीचे मालक. मागे त्यांचा मुलगा हाउके. डिटेला शाळेच्या बसथांब्यावर पाहिलं की हा ओठांवरून जीभ फिरवून म्हणायचा, "काय, चरबी संपली का घरातली?"

क्लाउसेनसाहेब तडक पायऱ्या चढले, नटांना बाजूला सारलं आणि दाराला कुलूप घातलं. ते दार गावात बदनाम होतं: एका हाताने कडी जीव खाऊन स्वतःकडे ओढायची आणि दुसऱ्या हाताने किल्ली फिरवायची, तेव्हा कुठे ऐकायचं. खट्ट! नाटकाचं सगळं सामान आत, माणसं बाहेर.

"ए, तू काय करतोयस?" मेरेटे आपल्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली. डेन्मार्कमध्ये सगळेच सगळ्यांना अरेतुरे करतात, पण क्लाउसेनसाहेबांना त्यांची बायकोसुद्धा चारचौघांत अहो म्हणत असावी. त्यांचा चेहरा बीटरूट झाला.

"हिला सांग," ते डिटेला म्हणाले, "की हे गाव अजून जर्मनीत आहे."

"ते म्हणताहेत की झेंडे जरा जास्त झालेत," डिटेने डॅनिशमध्ये सांगितलं.

"त्याला सांग, वाढदिवसाच्या झेंड्याला घाबरणारा माणूस आग कशी विझवतो?"

"ती म्हणते, गैरसमज झाला, माफ करा," डिटेने जर्मनमध्ये सांगितलं.

तेवढ्यात येसमामा सायकल फेकूनच आला. झेंडे पाहून आधी तो पांढरा पडला. मग क्लाउसेनसाहेबांच्या हातातली किल्ली पाहून लाल झाला. "काढा म्हणतोय का हा? मग आता नाही काढायचे! एकही नाही!"

"मामा, तूच सांगतोस ना की रस्त्यावर लावू नये?"

"लावू नये. पण लावल्यावर याच्या सांगण्यावरून काढूही नये!"

"चरबीवाले!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. वर्तमानपत्राची बाई नाटकाचा फोटो काढायला म्हणून आली होती. तिला तर लॉटरीच लागली. धडाधड कॅमेरा चालू.

आणि डिटेचं टाळकं सरकलं. दोन्हीकडची विष्ठा गाळून गुलाबपाणी पाजायची नोकरी तिला कुणी दिली होती?

"बरं!" ती अशी किंचाळली की व्हिगोच्या हातातला केक पडला. "मेरेटे, हे म्हणतात गाव जर्मनीत आहे आणि तू मूर्ख आहेस. दुसरं ते बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर आहे. साहेब, ती म्हणते वाढदिवसाच्या झेंड्याला घाबरणारा आग कशी विझवतो. आणि मामा म्हणतो, चूक आमची आहे पण मेलो तरी मानणार नाही. झालं? सगळ्यांना सगळं कळलं?"



"एकही झेंडा या रस्त्यावर रोवलेला दिसता कामा नये," क्लाउसेनसाहेब दात आवळून म्हणाले. "मग किल्ली."

"शब्द?"

"शब्द."

डिटेने पहिली काठी दोन्ही हातांनी धरली आणि उपटली.

"डिटे!" येसमामा गरजला. "आणखी एक काढलास तर आपल्या डॅनिश घरात पाय ठेवू नकोस."

ते लागलं. पार आत लागलं. पण तिने दुसरी उपटली, मग तिसरी. ओल्या मातीतून काठ्या पचकन निघत होत्या. चौथीला तिचे हात भरले. खाली सगळा चिखल. आणि लहानपणापासून हाडात मुरलेली एकच गोष्ट आठवली: झेंडा जमिनीला टेकता कामा नये. काहीही होवो, टेकता कामा नये! वरची काठी घसरू लागली. समोर हाउके दात काढत उभा होता.

"धर!" ती ओरडली. "अरे धर, पडतोय!"

आणि त्याने धरला! हात आपोआपच पुढे आले त्याचे. मग आपण काय धरलंय हे कळलं आणि तोंडावरचं हसू खर्रकन उतरलं.

"टाक तो!" मागून कुणी म्हणालं.

हाउकेने काठी खाली केली. येसमामा मुठी वळून पुढे झाला. पण त्याच्याही आधी कॅमेरा पुढे झाला. हाउकेने कॅमेऱ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. शेजारच्या देशाचा झेंडा चिखलात टाकणारा पोरगा म्हणून उद्या सगळ्या जिल्ह्याच्या न्याहारीच्या टेबलावर? काठी परत वर गेली.

आता डिटेला कोण आवरणार! ती काठ्या उपटत सुटली आणि समोर येईल त्याच्या हातात कोंबत सुटली. "धरा हं, बेकरीवाल्या काकू, टेकवू नका! पोस्टमनदादा, दोन घ्या, तुम्ही उंच आहात!" लोक शिव्या देत होते आणि धरत होते. "ही पोरगी वेडी आहे!" "माझ्या बापाने पाहिलं असतं तर!" "तुझा बाप चरबी खायचा की नाही, ते विचार आधी!" मागे सरकावं तर मागेही माणसं, टाकावा तर कॅमेरा. स्मारकासमोरचे दोन तिने सगळ्यांत शेवटी, हळूच काढले. एक येसमामाच्या हातात दिला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, पण झेंडा घेतला. दुसरा घेऊन ती पायऱ्या चढली.

"साहेब, रस्त्यावर एकही रोवलेला नाही. बघा."

क्लाउसेनसाहेबांनी पाहिलं. रस्ता साफ. आणि सगळं गाव हातात झेंडे घेऊन उभं.

"हे कुठे ठेवायचे आता?" बेकरीवाली कातावून ओरडली. "माझा हात अवघडला!"

"आत रंगमंचाखाली झेंड्यांची लाकडी पेटी आहे, पण ती सामानाखाली दबलीय. नाटक संपल्यावरच निघेल," डिटे म्हणाली. आणि शेवटचा झेंडा तिने कप्तानांपुढे धरला. "जरा धरता? मी दार ओढते."

"मीच उघडतो," ते गुरगुरले. पण तोवर काठी त्यांच्या छातीवर टेकली होती, आणि खाली कॅमेरेवाली एका गुडघ्यावर बसली होती. त्यांनी काठी पकडली. एका हाताने किल्ली लावली, फिरवली. दार ढिम्म. खांद्याने रेटलं, बुटाने लाथ मारली. ढिम्म. कडी ओढायला तिसरा हात कुठून आणणार? कप्तानांच्या मानेची शीर तटतटून फुगली. त्यांनी झेंड्याकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं, आणि किल्ली डिटेच्या तळहातावर अशी आपटली की हात झणझणला.

"पुढच्या जन्मी मिळेल तुला हे सभागृह," ते म्हणाले.

"या जन्मीचं आज पुरेल," डिटे म्हणाली, आणि कडी ओढून दार उघडलं.

सगळे आत आले. येणारच, झेंडे कुठेतरी ठेवायचे होते ना! चडफडत, एकमेकांच्या टोप्या काठ्यांनी पाडत सगळे खुर्च्यांवर बसले, काठ्या गुडघ्यांमध्ये धरून. सभागृह इतकं भरलेलं येसमामाने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो अगदी शेवटी, दाराशी उभा राहिला. अजून तिच्याकडे बघत नव्हता.

डिटे रंगमंचावर चढली. समोर सत्तर रागावलेले चेहरे आणि छताला टेकलेला लाल-पांढरा दंगा. तिने पाठ केलेलं भाषण गिळून टाकलं.

"आज व्हिगोचा वाढदिवस आहे," ती म्हणाली. "म्हणून झेंडे होते. एवढंच होतं. आता नाटक."

व्हिगो एका अवाढव्य कपाटाशी तासभर झगडला. एक शब्द न बोलता. कपाट दारातून जाईना, आणि तो ते सोडीना. मध्येच बेकरीवालीला हसू फुटलं, ते तिने खोकल्यात लपवलं. हाउकेने मान खाली घातली, पण त्याची काठी गदगदा हलत होती, म्हणजे वरचा झेंडाही.

नाटक संपलं आणि एकही टाळी वाजली नाही.  मग मागून, दाराजवळून, एक आवाज आला: ठक. येसमामाने काठी लाकडी जमिनीवर आपटली होती, झेंड्याचं कापड दुसऱ्या हाताने नीट वर धरून. ठक, ठक. मग पोस्टमनने दोन्ही आपटल्या.

क्लाउसेनसाहेबांनी आपली आपटली नाही. ते उठले, रंगमंचापाशी आले आणि झेंडा डिटेच्या पायांशी नाही, तिच्या हातात दिला.

"पेटी कुठाय?" त्यांनी खेकसून विचारलं.