पाद्रीबुवांचा हट्ट आणि छापखान्यातला हंस

इंग्लंडातल्या नॉरिच गावात डॅमरिस पेल या विधवाबाईंचा छापखाना होता आणि तिथे म्हातारा जेबेझ थर्लो छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचा. उन्हाळा सरून दिव्याच्या उजेडात काम सुरू झालं की मालकिणीने कामगारांना भाजलेला हंस खाऊ घालायचा, ही या धंद्याची रीत. जेबेझ वर्षभर त्या एका जेवणाच्या आशेवर खिळे उचलायचा. यंदाचा हंस चांगला लठ्ठ होता आणि पावाच्या चुऱ्यासाठी दिवसभर जेबेझच्या पायांत घोटाळत असायचा.

तेवढ्यात क्रो पाद्रीबुवांच्या एका संतावरच्या प्रवचनांचं पुस्तक छापायला आलं. मालकीणबाईंनी बजावलं, "आधी पुस्तक, मग हंस."

जेबेझने हात चालवला. चालला, बोलला, रडला अशा होऊन गेलेल्या गोष्टींना इंग्रजीत शेवटी ई आणि डी लागतात. जेबेझ त्यातला ई गाळायचा आणि तिथे वर एक स्वल्पविराम टांगून द्यायचा. तेव्हा सगळ्याच छापखान्यांत तसं चालायचं. पण कच्ची पानं बघून पाद्रीबुवा लालबुंद झाले.

"काय रे, माझा संत इथे लंगडत का चाललाय?"

"लंगडत कुठे, बुवा? झपझप चाललाय. हल्ली सगळे असेच चालतात."

"माझ्या पुस्तकात तो पुरती पावलं टाकील! एकूण एक ई हवा मला."

"पण ई संपलेत, बुवा."

"नवे लंडनहून मागवू," मालकीणबाई म्हणाल्या. "नाताळपर्यंत येतील. मग हंसही नाताळलाच."

जेबेझने ई ठेवायचा खण चाचपला. एवढा भरलेला खण रिकामा झालाच कसा? एखादा खाली पडला असेल म्हणून तो वाकला. तेवढ्यात हंस बूड टेकून बसला आणि फरशीवर खण्ण वाजलं. उठला, तर आतून खुळखुळ!

जेबेझच्या डोक्यात प्रकाश पडला. ई सगळ्यांत जास्त लागतो, म्हणून हातून पडतोही जास्त. आणि खाली हा पठ्ठ्या चोच उघडून तयार. हंस दुधातून पाणी वेगळं करतो म्हणे. याने अख्ख्या बाराखडीतून नेमके ई वेगळे केले होते.

जेबेझने चेहरा सुतकी केला. "मालकीणबाई, ई सापडले. पण काढायचे तर हंस आधी कापावा लागेल."

"थेरड्या, तूच भरवलेस ना?"

"शपथ घेतो, मी फक्त पाव भरवला!"

मालकीणबाईंनी हंस उचलायला हात घातला. तो जागचा हलेना. शेवटी छापायच्या यंत्रावरच्या दोघा गड्यांनी त्याला पाटावर घालून स्वयंपाकघरात नेलं.

त्या संध्याकाळी जेबेझने तंगडी अशी चोखली की हाडाला चकाकी आली. पाद्रीबुवांनाही ताट वाढलं होतं. त्यांनी दोनदा मागून घेतलं. सकाळी खिळे खाराच्या पाण्यात धुतले, घासले, आणि संत पुरत्या पावलांनी चालू लागला.

खिळ्यांना लागलेला हंसाच्या चरबीचा खमंग वास मात्र धुऊनही गेला नाही, तो छापलेल्या पानांतही उतरला. चर्चमध्ये बुवा ते पुस्तक वाचू लागले की संत जिथे जिथे चालला, बोलला, रडला, तिथे तिथे लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. पुढच्या गावचे लोकही प्रवचनाला येऊ लागले. बुवांनी खूश होऊन पुढच्या हंगामासाठी दुसरी आवृत्ती सांगून टाकली.

"पण तोच खमंगपणा हवा हं, जेबेझ!"

"काळजी सोडा, बुवा," जेबेझ म्हणाला, आणि बाजारातून आणलेल्या हंसाच्या पिल्लापुढे त्याने नेमका ईच्या खणाखालीच पावाचा चुरा टाकला.