हक्काचा बोकड

एका बोकडाच्या जिवावर शहनाजला दर शुक्रवारी काय मिळत होतं, ते आधी सांगायला हवं. लेकीचा चेहरा, वीस मिनिटं, कधी पंचवीस. एरवी शिवणयंत्रासारख्या एकसुरी नवऱ्याचं चक्क हसणं. आणि वर थोडी आशा, की ही दोघं कधीतरी एकमेकांशी सरळ बोलतील. एवढं सगळं एका काळ्या, दाढीवाल्या, वासट जनावराकडून मिळत असेल, तर बाई त्याला जपणार नाही तर काय करणार?

लेक उमामा दीड वर्षापूर्वी भांडून मस्कतला गेली. अल् खुवैरच्या एका दातांच्या दवाखान्यात तिला रिसेप्शनवर नोकरी लागली होती आणि बाप म्हणाला होता, "एकटी पोर मस्कतला ऱ्हायची नाय." पोर राहिली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं खलास. बाप, बदरुद्दीन, मूळचा रत्नागिरीकडचा. ओमानच्या पार उत्तरेच्या टोकाला, खसबमध्ये, जिथे डोंगर सरळ समुद्रात उतरतात, तिथे बावीस वर्षं दिशदाशा, म्हणजे तिकडच्या पुरुषांचे पायघोळ अंगरखे, शिवतोय. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप न लावता गळा-बाही सांगणारा माणूस. पोरीचं माप तेवढं त्याला घेता आलं नाही.

मधे उरला मोती. उमामानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला बोकड, अंगभर काळा, कपाळावर पांढरा ठिपका. शुक्रवारी फोन यायचा तो त्याला बघायला. "अम्मी, मोतीला दाखव ना." शहनाज फोन घेऊन अंगणात जायची आणि बदरुद्दीनला नेमकं तेव्हाच अंगणात काम निघायचं.

"मोती, इचार तिला, जेवली का."

"मोती, सांग त्यांना, जेवले."

"मोती, तिला सांग, गाडी हळू चालवायची."

"मोती, त्यांना सांग, बीपीची गोळी स्किप करायची नाही."

असं त्या घरचं टपाल चालायचं. पोस्टमनला पगार म्हणून खुबूस रोटीचा तुकडा.

रमजान ईद झाली आणि त्याच आठवड्यात पोस्टमन मेला. ईदच्या घाईत बदरुद्दीननं चिंध्यांचं पोतं उघडं ठेवलं होतं. मोतीनं अस्तराच्या पट्ट्या आणि दोऱ्याचा गुंता गिळला, आणि तिसऱ्या दिवशी त्याचे पाय ताठ. बदरुद्दीननं त्या दिवशी दुकान उघडलं नाही. शहनाजला रडायलाही सवड नव्हती, कारण परवा शुक्रवार होता.

शेजारी सकिना राहायची, खसबचीच, विधवा, आठ बकऱ्या आणि एक नर बाळगून. नर काळा होता. ठिपका तेवढा नव्हता. शहनाजनं त्याला खुणेनं उसना मागून, कान धरून अंगणात आणला. बदरुद्दीननं एकदा बोकडाकडं पाहिलं, एकदा बायकोकडं पाहिलं आणि खिशातला शिंपीकामाचा खडू काढला.

असे आठ शुक्रवार गेले. उमामा एकदाच म्हणाली, "मोती जाड झालाय, अम्मी."

"सुखात हाय म्हणून," शहनाज म्हणाली, आणि बोकडानं खडूचं कपाळ भिंतीला घासू नये म्हणून त्याची मान घट्ट धरून ठेवली.

नवव्या शुक्रवारी फोनवर बातमी आली. "बकरी ईदला येतेय. फेरीबोटीचं तिकीट झालं." लेक येणार याचा आनंद शहनाजच्या पोटात पोचायच्या आधीच भीती पोचली. बकरी ईद! सकिना ह्यालाच कापून बसली तर?

तशीच ती सकिनाच्या कुंपणाशी गेली. बावीस वर्षांच्या शेजारात दोघींची भाषा म्हणजे हातवारे, इकडून तिकडे जाणारी ताटं आणि वीसेक शब्द. हादा म्हणजे हा, बिन्त माल अना म्हणजे माझी मुलगी, इतकं अरबी शहनाजला पक्कं होतं. आणि हक्क तर आपलाच शब्द. रोज गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकत होती, तो काय शिकायचा?

बोकडाच्या शिंगावर हात ठेवून ती ठासून म्हणाली, "हादा हक्क ईद. हक्क बिन्त माल अना."

ह्याच्यावर ईदला माझ्या लेकीचा हक्क आहे, सुरी लावायची नाही. आणखी स्पष्ट काय बोलायचं माणसानं?

सकिनानं बोकडाच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला. मग तोच हात स्वतःच्या डोक्याला लावून म्हणाली, "अला रासी." तुझा शब्द माझ्या डोक्यावर. शहनाज निश्चिंत होऊन घरी आली.

ईदच्या आदल्या दुपारी उमामा उतरली. बॅगेत लाल पट्टा आणि घुंगरू. "मोती कुठाय?"

"सकिनाखालाकडं. हितं ईदची गिऱ्हाइकं, चिंध्या, दोरे... त्याच्या पोटात काय जायला नको." शहनाजची जीभ चिंध्यांवर अडखळली. "सर्दी पण हाय त्याला. उद्या लांबूनच बघ."

"बोकडाला सर्दी? अम्मी, सिरियसली?"

बदरुद्दीन सकाळीच जाऊन ठिपका दोनदा गिरवून आला होता. पण जेवायला बसल्यावर मधे बोकड नाही, आता बोलायचं कुणामार्फत? घास घोळवत तो पाण्याच्या तांब्याला म्हणाला, "तिला वडे वाढा म्हणावं."

उमामानं तांब्याकडं पाहिलं आणि ताट पुढं केलं.

ईदची नमाज झाली. चुलीवर नारळाच्या दुधातलं मटण, शेजारी वाफवलेली सांदणं. तेवढ्यात दारात सकिना, नव्या कपड्यांत, मेंदी लावलेल्या हातांवर भलंमोठं झाकलेलं ताट. उमामा धावली, तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि लाडानं म्हणाली, "खाला, काय आणलं?" तिनं झाकण उचललं.

एका बाजूला भाजलेली कलेजी. आणि मधोमध, पाहुणीचा मान म्हणून, शिंगांसकट, न सोललेलं मुंडकं. काळं. कपाळावर पांढरा ठिपका.

झाकण फरशीवर आपटून बराच वेळ गरगरत राहिलं. उमामाच्या तोंडून फक्त "मो..." निघालं.

"उमामा! तो मोती नाय!"

बदरुद्दीन. तांब्याला नाही, बोकडाला नाही, पोरीचं नाव घेऊन ओरडला. पुढं होऊन त्यानं मुंडक्याच्या कपाळावर अंगठा घासला. ठिपका पुसला गेला. अंगठा पांढरा झाला.

उमामा त्या अंगठ्याकडं बघतच राहिली. "मग मोती कुठाय?"

"मेला. रमजान ईदच्या मागं. माझ्या चिंध्या खाऊन. पोतं मीच उघडं ठेवलं गो."

"नऊ शुक्रवार," उमामाचा आवाज फाटला, "नऊ शुक्रवार मी कुणाशी बोलत होते?"

बदरुद्दीननं अंगठा सदऱ्याला पुसला. "माझ्याशी," तो म्हणाला.

सकिनाला यातलं अक्षर कळलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला. तिनं घाबरून अरबीत काही विचारलं आणि शहनाजकडं बोट दाखवलं. उमामानं उलट विचारलं. सकिनानं शब्दन् शब्द सांगितला, हात शिंगावर ठेवल्याचा अभिनय करून.

उमामा हळूच वळली. "अम्मी, तू खालाला सांगितलंस, हा ईदसाठी, माझ्या मुलीसाठी?"

"छे! मी सांगितलं, हा तुझा हक्क हाय! हक्क!"

"इकडच्या अरबीत हक्क म्हणजे 'साठी', अम्मी."

शहनाजनं तोंडावर पदर घेतला. बावीस वर्षं ती हा शब्द दुकानात ऐकत होती. हक्क वलद, हक्क उम्मी, म्हणजे मुलासाठी, आईसाठी. तिला वाटायचं, किती हक्क सांगतात हे लोक एकमेकांवर!

सकिना अजून दारातच उभी होती. तिनं दबकत विचारलं, आणि या वेळी सगळ्यांनाच कळलं, की पोरीला आवडलं नाही का?

उमामानं डोळे पुसले. मुंडक्यावर झाकण ठेवलं, कलेजीचा एक तुकडा उचलला, तोंडात घातला आणि फार वेळ चावत राहिली. "शुक्रन, खाला." मग मान वर न करता म्हणाली, "अब्बा, उभे काय? बसा. खालाला पण वाढा."

बदरुद्दीन बसला. वाढताना सांदण दोनदा ताटाबाहेर पडलं.

आता हे कुणाला केवढ्याला पडलं म्हणाल, तर मोती आपल्या तोंडानं गेला. शहनाजची गेली ती अरबीची घमेंड, ती जाऊन बरंच झालं. सकिनानं एकुलता नर दिला, आणि तो कशापायी गेला हे तिला कुणी सांगितलं नाही. पण सगळी किंमत मोजली ती त्या बोकडानं. नऊ शुक्रवार दुसऱ्याच्या नावाला मान वर करून बघत राहिला, आणि त्याला स्वतःचं नाव कुणी ठेवलंच नव्हतं.