शेवटच्या काडीची पोच

भाईंदर पश्चिमेच्या आमराई सोसायटीचे सेक्रेटरी आत्मारामकाका चौदा वर्षं कुणावर चिडले नव्हते. मंगळवारी त्यांनी नोटीस बोर्डावर राजीनामा लावला. वर 'सप्रेम नमस्कार', खाली एकच इंग्रजी ओळ : 'धिस इज द लास्ट स्ट्रॉ.'

सोसायटीतल्या स्वप्नीलने ती ओळ दोनदा वाचली. रविवारी गच्चीवर त्याच्या बहिणीचा, क्षितिजाचा साखरपुडा होता आणि गच्चीच्या परवानगीवर सेक्रेटरीची सही बाकी होती. त्यात तक्रारवहीतली शेवटची तक्रार त्याचीच : लिफ्टचा पंखा कुरकुरतो.

संध्याकाळी बोर्डाखाली सगळे जमले. तिसऱ्या मजल्यावरच्या समिधा टीचरनी अर्थ सांगितला. स्ट्रॉ म्हणजे गवताची काडी. उंटावर एकेक काडी लादत जायची. एक अशी पडते की कणाच मोडतो. आधी म्हणे इंग्रजांच्या या म्हणीत घोडा आणि पक्ष्याचं पीस होतं, उंट आणि काडी मागाहून आले. दोष शेवटच्या काडीचा नसतो, टीचर म्हणाल्या, खालच्या गठ्ठ्याचा असतो.

हे सगळ्यांना इतकं पटलं, की ओझं उतरवायचंच ठरलं. प्रत्येकाने आपली तक्रार मागे घ्यायची. लेखी, दोन प्रतींत. तळमजल्यावरच्या दाजींनी तीन आणल्या. एक देवापुढे ठेवणार होते. काकांच्या दारापासून खाली जिन्यापर्यंत रांग लागली, कारण अर्जावर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय आमराईत कुणाचं काही सुटत नसे.

चाळीस अर्ज झाल्यावर स्वप्नीलचा नंबर आला. त्याने काकांच्या बोटांवरची जांभळी शाई पाहिली आणि आपला अर्ज गुपचूप खिशात घातला.

"काका, पंखा वाजू दे. सवय झालीय आता."

"लेखी आणलंयस?"

"नाही. तोंडीच."

काकांनी हातातला शिक्का खाली ठेवला. चौदा वर्षांत त्यांना कुणी काही तोंडी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून गच्चीचा कागद मागितला, पेन उघडलं आणि थांबले.

"पण मी राजीनामा दिलाय रे. माझी सही चालायची नाही."

"त्यावर पोच कुठंय?" स्वप्नीलने विचारलं.

काकांनी विचार केला. पोच द्यायची सेक्रेटरीने. सेक्रेटरी तेच. त्यांनी सही केली आणि वर शिक्काही मारला, जरा जोरातच.

राजीनामा अजून बोर्डावर आहे. मागे घ्यायचा तर अर्ज करावा लागेल, दोन प्रतींत. साखरपुड्याचं आमंत्रण त्याच्यावरच टाचलं होतं.